तबकडी बदलणारे यंत्र: एका उत्तम उत्तराची गोष्ट

१/
आजचा धागा एका लहानशा यंत्राविषयी आहे. १९४९ साली अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने एक छोटेखानी रेकॉर्ड चेंजर बाजारात आणला. मधोमध दीड इंच जाडीचा खांब आणि त्यावर रचलेल्या आठ-दहा लहान तबकड्या. एक वाजून संपली की दुसरी आपोआप खाली येई. ज्या प्रश्नासाठी हे यंत्र घडवले गेले, त्याचे इतके सुबक उत्तर त्यापूर्वी क्वचितच कोणी दिले असेल. मात्र यंत्र दुकानात पोहोचले तेव्हा तो प्रश्नच मागे पडू लागला होता.

२/
प्रथम प्रश्न समजून घेऊ. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू १० इंची असेल तर सुमारे तीन मिनिटे चाले, १२ इंची असेल तर चार-साडेचार. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसारख्या गायकांनाही तासभर फुलणारा राग या तीन मिनिटांत बसवावा लागला. युरोपीय सिम्फनीला मात्र आटोपते घेण्याची सोय नव्हती. ती स्वरलिपीत जशी लिहिली तशीच वाजवायची. म्हणून तिचे तुकडे केले गेले.

३/
बीथोवनची पाचवी सिम्फनी साधारण अर्ध्या तासाची. ती चार तबकड्यांच्या आठ बाजूंवर विभागली जाई. म्हणजे श्रोत्याने सात वेळा उठायचे, सुई उचलायची, तबकडी उलटायची किंवा बदलायची आणि पुन्हा येऊन बसायचे. हा खंड संगीताच्या सोयीने पडत नसे. स्वर चढत असताना ऐन मध्यात सुई खरखरत थांबे. ‘अल्बम’ हा शब्दही याच काळाचा वारसा आहे: तबकड्या ठेवण्याच्या पाकिटांचे ते जाडजूड पुस्तक असे.

४/
माणसाचे उठणे यंत्रावर सोपवावे, ही कल्पना साहजिकच सुचली. टास्मानियातील होबार्टच्या एरिक वॉटरवर्थ या तरुणाने १९२५ साली असे यंत्र तयार केले. ज्या कंपनीशी करार झाला तिचे दिवाळे निघाले आणि पुढे त्याचे पेटंट लंडनला विकले गेले. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९२७ साली आपला स्वयंचलित ग्रामोफोन आणला. तो वाजून झालेली तबकडी उचलून बाजूच्या कप्प्यात सोडत असे. कपाटाएवढे हे यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच शोभणारे होते.

५/
त्यानंतरच्या अनेक चेंजरांत तबकड्यांची चळत काठाशी दोन-तीन खांबांवर तोललेली असे. खांबांतून पातळ पाती बाहेर येत, सर्वांत खालची तबकडी वेगळी करत आणि ती खाली पडे. अडचण तबकडीच्या द्रव्यात होती. ती लाखेची, म्हणजे शेलॅकची असे. ही लाख बव्हंशी भारतातल्या जंगलांतून जगभर जाई. लाखेची तबकडी कठीण, पण काचेसारखी ठिसूळ. पाते किंचित चुकले की काठाचा टवका उडे. शिवाय प्रत्येक तबकडी आधीच्या तबकडीवर आदळे ते वेगळेच.

६/
यंत्र तबकडी बदलू शके, पण साधारणपणे ती उलटू शकत नसे. (केपहार्टसारख्या कंपन्यांनी उलटणारी यंत्रेही केली. ती प्रचंड आणि महागडी होती.) यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. चार तबकड्यांच्या संचात बाजूंच्या जोड्या १-८, २-७, ३-६ आणि ४-५ अशा छापल्या जात. चळत ठेवली की १ ते ४ बाजू ओळीने वाजत. मग सगळी चळत एकदाच उलटून ठेवायची, की ५ ते ८. विश्वास बसत नसेल तर कागदाचे चार तुकडे घेऊन करून पाहा. सातऐवजी एकदाच उठणे! खंड मात्र सातच राहिले. फक्त ते आता यंत्राच्या खडखडाटाने भरून निघत.

७/
येथे एक प्रश्न मनात यायला हवा. तबकडी बदलण्यासाठी एवढा खटाटोप करण्याऐवजी ती अधिक वेळ चालेल अशी का केली नाही? प्रयत्न झाला होता, आणि तो खुद्द आरसीए व्हिक्टरनेच केला होता. १९३१ साली या कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी काढली. पण त्या काळच्या जड सुईने तिच्या मऊ खोबणी झिजत, आणि महामंदीत नवे यंत्र घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. प्रयोग गुंडाळावा लागला. हे अपयश लक्षात ठेवा.

८/
जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये आपली ‘एलपी’ पत्रकारांपुढे मांडली. १२ इंची व्हिनाइलची तबकडी, ३३⅓ फेऱ्या, केसासारख्या बारीक खोबणी आणि वजनाला हलकी सुई. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत. पाचवी सिम्फनी आता एकाच तबकडीवर मावत होती. कोलंबियाचे प्रमुख एडवर्ड वॉलरस्टाइन पूर्वी आरसीए व्हिक्टरमध्येच होते. १९३१चा फसलेला प्रयोग त्यांनी जवळून पाहिला होता.

९/
एलपीच्या जन्माची एक लोकप्रिय कथा आहे. सीबीएसचे अभियंते पीटर गोल्डमार्क यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले, की ब्राम्सची रचना ऐकताना तबकडी बदलण्याच्या व्यत्ययाने ते वैतागले आणि तेथूनच एलपीची कल्पना निघाली. वॉलरस्टाइन यांनी मात्र या कामाचे श्रेय विल्यम बॅकमन आणि इतर सहकाऱ्यांना दिले. एका वैतागातून एक शोध, अशा कथा ऐकायला गोड असतात. म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या जपून वापराव्यात.

१०/
कोलंबियाने हे तंत्र आरसीएलाही देऊ केले होते. आरसीएचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ यांनी ते स्वीकारले नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत ‘मॅडम एक्स’ या गुप्त नावाने वेगळेच काम चालले होते. मार्च १९४९ अखेर ते प्रकट झाले: ७ इंची व्हिनाइलची तबकडी, ४५ फेऱ्या, मध्यभागी दीड इंचाचे मोठे भोक, आणि केवळ तिच्यासाठीच बांधलेला चेंजर. कोलंबियाने विचारले होते, ‘तबकडी बदलावीच का लागावी?’ आरसीएने विचारले, ‘ती किती झटपट बदलता येईल?’

११/
आता यंत्राच्या आत शिरू. जुन्या चेंजरना १० आणि १२ इंची अशा दोन्ही तबकड्या सांभाळाव्या लागत. त्यासाठी आकार ओळखण्याच्या तरफा आणि काठाचे आधार-खांब आवश्यक होते. आरसीएने आकार एकच ठरवला, आणि हे सारे अनावश्यक झाले. चळतीचा भार मधला जाड खांब पेले. तबकडी लहान, म्हणून थाळी लहान आणि सुईचा दांडाही आखूड. तबकडी आणि यंत्र एकमेकांसाठी एकाच वेळी आखले गेले, हेच या छोटेपणाचे रहस्य.

१२/
खरी करामत खांबाच्या पोटात आहे. त्यातून बाहेर डोकावणाऱ्या छोट्या आधारांवर सगळी चळत टेकलेली असते. बदलण्याची वेळ आली की वरच्या बाजूने पातळ सुऱ्या बाहेर येतात आणि सर्वांत खालची तबकडी व तिच्या वरची तबकडी यांमधल्या फटीत शिरतात. आता वरची चळत सुऱ्यांवर तोललेली असते. मग खालचे आधार आत जातात आणि एकटी खालची तबकडी थाळीवर उतरते. आधार पुन्हा बाहेर येतात, सुऱ्या आत जातात, आणि उरलेली चळत एक पायरी खाली सरकते.

१३/
सुऱ्यांसाठी फट कोठून आली? ती तबकडीतच घडवलेली होती. लेबलाकडचा भाग खोबणींच्या भागाहून जाडसर ठेवला होता. त्यामुळे तबकड्या एकमेकींवर रचल्या तरी खोबणींना खोबणी घासत नसत आणि मध्याशी सुऱ्यांना वाट मिळे. मोठ्या भोकाचे कारणही हेच: एवढी यंत्रणा पोटात मावायची तर खांब जाडच हवा. त्यात व्हिनाइल लाखेसारखे फुटत नव्हते. पंचवीस वर्षांच्या चेंजरांची दुखणी एका आराखड्यात मिटली होती.

१४/
गाणे संपले हे यंत्राला कसे कळे? गाणे चालू असताना सुई प्रत्येक फेरीत केसभर आत सरकते. शेवटच्या मोकळ्या खोबणीत मात्र ती एकाच फेरीत बरीच आत ओढली जाते. या पिढीच्या बहुतेक चेंजरांत सुईच्या दांड्याला जोडलेली एक हलकी तरफ थाळीच्या आसाकडे किंचित सरकते, आणि आसावरचा एक उंचवटा तिला दर फेरीस मागे लोटतो. झेप मोठी असेल तर तरफ त्या उंचवट्याच्या तावडीत सापडते. त्या धक्क्याने दात्यांचे एक मोठे चाक जागे होते. यंत्र संगीत ऐकत नाही, ते सुईचा वेग मोजते.

१५/
त्या मोठ्या चाकाच्या कडेला एका ठिकाणी दाते नसतात. एरवी ती दंतहीन जागा आसासमोर असते, म्हणून थाळी फिरते आणि चाक स्वस्थ राहते. धक्का मिळताच दात्यांत दाते अडकतात आणि चाक एक पूर्ण फेरी घेते. त्या एका फेरीत दांडा वर उचलला जातो, बाहेर सरकतो, तबकडी पडते, दांडा पुन्हा आत येतो आणि सुई पहिल्या खोबणीत टेकते. मग दंतहीन जागा समोर येते आणि सारे शांत होते. सुरुवातीच्या यंत्रांत शेवटची तबकडी मात्र कोणी बंद करेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राही.

१६/
एका संग्राहकाच्या घरी मी असे यंत्र उघडलेले पाहिले. थाळी फिरवणारे रबरी चाक वयोमानाने टणक झाले होते, वंगण मेणासारखे घट्ट झाले होते. दांडा वर उचलला जाऊन अर्ध्यातच थांबला. संग्राहकाने जुने वंगण पुसले, चाकाचा काठ खरखरीत केला आणि पुन्हा सुरू केले. टक्, सर्रर्र, टक्, आणि गाणे सुरू. विद्युत्-मेंदूचा मागमूस नाही. सारी ‘बुद्धी’ दात्यांत, तरफांत आणि एका चाकाच्या फेरीत साठवलेली.

१७/
एक दंतकथा येथेच निकालात काढू. ‘७८ उणे ३३ म्हणजे ४५, म्हणून हा वेग’, असे सर्रास सांगितले जाते. वजाबाकी बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. तबकडीचा व्यास, वाजण्याचा काळ आणि आतल्या खोबणींत वाढत जाणारी विकृती यांचा मेळ घालून आरसीएच्या अभियंत्यांनी हा वेग गणिताने काढला होता.

१८/
मग हे यंत्र हरले कसे? ४५ची एक बाजू फार तर पाच मिनिटांची. चेंजर कितीही चपळ असला तरी सिम्फनीत खंड पडतच होते. एलपीने ते खंड जवळजवळ पुसून टाकले. अभिजात संगीताच्या श्रोत्यांनी निवड केली, आणि जानेवारी १९५०मध्ये खुद्द आरसीएने एलपी काढण्याचे जाहीर केले. १९३१च्या अपयशाने या कंपनीला शिकवले असावे, की दीर्घ तबकडी चालत नाही. वस्तुतः तेव्हा आड आले होते ते जड सुई आणि मंदी. कल्पना तेव्हाही योग्यच होती.

१९/
पण ४५ मेली नाही. तिला दुसरे घर मिळाले. लोकप्रिय गाणे तसेही तीन मिनिटांचेच असे. तबकडी स्वस्त, हलकी आणि न फुटणारी, खाऊच्या पैशांत परवडणारी. १९५०मध्ये सीबर्ग कंपनीने ४५वर चालणारा ज्यूकबॉक्स आणला. पुढे रॉक अँड रोल आले, आणि खोलीत मित्रमैत्रिणी जमवून दहा गाण्यांची चळत लावणे हा तरुणांचा छंद झाला. सिम्फनीतला खंड दोष होता. नाचाच्या दोन गाण्यांमधला खंड म्हणजे दम खाण्याची जागा!

२०/
चेंजर पुढे एलपीसाठीही वापरले गेले. जिमी हेंड्रिक्सच्या १९६८च्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ या दुहेरी अल्बमच्या अमेरिकी आवृत्तीत एका तबकडीवर पहिली व चौथी बाजू आहे, दुसरीवर दुसरी व तिसरी. नवख्या संग्राहकाला ही छपाईची चूक वाटते. तुम्हांला आता ठाऊक आहे, की ती सहाव्या भागातली जुनीच युक्ती आहे. वस्तू आपला इतिहास अंगावर वागवतात, तो वाचता मात्र यावा लागतो.

२१/
हा धागा लिहिण्याचे कारण एवढेच. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण ‘चांगले जिंकले, वाईट हरले’ असा वाचतो. हे यंत्र वाईट नव्हते. ते एका प्रश्नाचे अव्वल उत्तर होते, आणि शेजारच्याने तो प्रश्नच रद्द केला. ज्या उपयोगासाठी ते जगले, तो उपयोग त्याच्या कर्त्यांनी नव्हे, ऐकणाऱ्या पोरांनी ठरवला. म्हणून एखादे जुने यंत्र दिसले, की ‘हे कसे चाले’ याच्या जोडीला ‘हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते’ असेही विचारा.

धागा समाप्त. कोणाच्या घरी माळ्यावर चेंजर पडून असेल तर थेट वीज जोडू नका. आधी हाताने थाळी हळूच फिरवून पाहा आणि जुने वंगण पुसा. मग काय ऐकू आले, ते येथे अवश्य लिहा.