बशीतलं पाणी, बशीतली माती

आयर्लंडमधल्या ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा विषय निघाला की वक्ते लगेच दोन हजार वर्षं मागे, ड्रुइड पुरोहितांपाशी जाऊन पोचतात. मी जाणार नाही. ड्रुइडांनी लिहिलेली एक ओळसुद्धा आपल्या हाती नाही. हाती आहे ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं शेतकऱ्याचं स्वयंपाकघर. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसंस्कृती आयोगानं शाळकरी मुलांना कामाला लावलं: घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. त्या वह्यांमध्ये ही रात्र पुन्हापुन्हा भेटते.

तिला म्हणतात साउइनची रात्र. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर, म्हणजे हिवाळा सुरू. गुरं कुरणातून घरी यायची, सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांची मुदत संपायची, आणि बऱ्याच ठिकाणी जमीनदाराचा सहामाही खंड याच तारखेला भरायचा. थोडक्यात, हिशेबाच्या आदल्या रात्रीचा हा सण.

भुतंखेतं होतीच. पूका नावाचं भूत ब्लॅकबेरीवर थुंकून जातं, म्हणून त्या रात्रीनंतर ती फळं खायची नाहीत. (तोवर ती तशीही नासलेली असतात, ते सोडा!) सलगम कोरून त्यात दिवा लावायचे. घरातली गेलेली माणसं येतील म्हणून चुलीतला विस्तव राखून ठेवायचे.

पण मला महत्त्वाचे वाटतात ते भविष्य विचारण्याचे खेळ. निखाऱ्याशेजारी दोन हेझलनट ठेवायचे, एक मुलाच्या नावाचं, एक मुलीच्या. शेजारी शेजारी शांत जळले तर लग्न, एखादं उडालं तर संपलं. बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावात अंगठी, नाणं, चिंधी दडवलेली असायची. आणि बश्यांचा खेळ: डोळे बांधून हात पुढे करायचा. अंगठी लागली तर लग्न, पाणी लागलं तर समुद्रापार, माती लागली तर वर्षाच्या आत मरण.

आता हे प्रश्न आकड्यांशेजारी ठेवून बघा. १८४१मध्ये त्या बेटावर ८० लाखांहून अधिक माणसं होती, १९११मध्ये सुमारे ४४ लाख. मधल्या काळात बटाट्याचा दुष्काळ, आणि त्यानंतरही न थांबलेली जहाजं. १९११मध्ये पंचेचाळिशी ओलांडलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा बिनलग्नाचा होता. बशीतलं पाणी म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसणार.

जेम्स जॉइसच्या १९१४च्या 'डब्लिनर्स'मध्ये हाच खेळ आहे. डब्लिनच्या त्या घरात अंगठी आहे, पाणी आहे, मठात जाण्याची खूण म्हणून प्रार्थनेचं पुस्तक आहे. माती नकोशी झालीय. शेजारच्या पोरी मात्र चेष्टेनं ती बशीत ठेवतात, आणि नेमका हात जातो तो अविवाहित, वय झालेल्या मारियाचा. बोटांना काहीतरी मऊ, ओलं लागतं. खोलीत कुजबुज होते, घरची बाई पोरींवर चिडते, ते बाहेर टाकायला लावते. मारियाचे डोळे अजून बांधलेलेच असतात. तिला पुन्हा हात घालायला सांगतात.