गॅसबत्तीचं मेंटल

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आमचं गाव वाशी तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर. संध्याकाळी माळवदावर बसलं की समोरच्या माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. पुतण्याचा मुलगा शेजारी मोबाइल घेऊन बसला होता. बारावी सायन्सला आहे. म्हणाला, "आबा, सरकारनं खनिजांचा कायदा बदललाय. लिथियम, दुर्मिळ मृदा असली तीस खनिजं महत्त्वाची ठरवलीत. आपल्या जिल्ह्यात काही सापडंल का?"

मी म्हणालो, "आपल्याकडं मुरूम सापडतो, खडी सापडते. आणि वाळू सापडते, ती रात्री टिप्परमध्ये जाते."

तो हसला, पण उत्तर खोटं नव्हतं. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात 'गौण खनिज' असा एक वर्ग आहे आणि त्याचे नियम राज्य सरकार करतं. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला तोच वर्ग आला. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं (किल्लारी १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं), तेव्हा सुमारे ३४० मीटर जाडीचा बेसाल्ट लागला आणि त्याच्या खाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक. लिथियमची आशा करावी असं त्यात काही नव्हतं.

पण त्या रात्री झोप येईना, कारण या खनिजांशी आपला संबंध नाही हे म्हणणं मला पटेना. संबंध आहे, आणि तो माझ्या लहानपणापासून आहे.

आमच्या गावात वीज आली ती मी नोकरीला लागल्यावर. तोवर घरात रॉकेलची चिमणी आणि कंदील. लग्नकार्य, भजन, तमाशा असला की गॅसबत्ती यायची. टाकीत रॉकेल भरायचं, स्पिरिट पेटवून नळी तापवायची, पंप मारायचा, आणि मग ती बत्ती फुरफुर करत दिवसासारखा उजेड पाडायची. आम्हा पोरांचं सगळं लक्ष मेंटलकडे. मेंटल म्हणजे कापडाची छोटीशी जाळीदार पिशवी. नवीन मेंटल बांधून एकदा काडी लावली की कापड जळून जायचं आणि पिशवीच्याच आकाराची पांढरी राख लोंबत राहायची. उजेड द्यायची ती राख. बोट लागलं की तिची पूड व्हायची आणि बोट लावणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा.

ती राख कसली, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं. ती थोरियमची. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने १८८५ मध्ये मेंटलचं पहिलं पेटंट घेतलं आणि १८९१ मध्ये त्याचं खरं मिश्रण बसवलं. ९९ भाग थोरियमचं ऑक्साइड आणि १ भाग सिरियमचं. सिरियम ही आजच्या भाषेत 'दुर्मिळ मृदा'. म्हणजे ज्या खनिजांवरून आज देश एकमेकांकडे डोळे वटारून बघतात, त्यांतलं एक आमच्या गावच्या वरातीत पुढे चालत होतं.

थोरियम आणि या दुर्मिळ मृदा मोनाझाइट नावाच्या वाळूत एकत्र असतात. सुरुवातीला ही वाळू मुख्यतः ब्राझीलहून युरोपात जाई. १९०९ साली शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. तो माग काढत थेट त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आला आणि मनवलकुरिचीला वाळू काढण्याचं काम सुरू झालं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा आपल्या साम्राज्यातली ही वाळू जर्मनांच्या हातात आहे हे इंग्रजांना खटकलं आणि त्यांनी तो धंदा आपल्याकडे घेतला. शहरं उजळायची तर ही वाळू कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता, तो असा. आपल्याकडे वाळू होती आणि मजूर होते. थोरियम वेगळं काढायची विद्या मात्र परदेशात होती.

मग अणुबाँब पडला आणि थोरियमची किंमत एका रात्रीत बदलली. १९४६ मध्ये त्रावणकोर दरबाराने मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी घातली. जून १९४७ मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्रावणकोर स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं. त्यांच्या हिमतीमागे या वाळूचंही बळ होतं असं अभ्यासक मानतात. त्याच महिन्यात आमच्या निजामानेही स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जाहीर केला होता. त्रावणकोरचा प्रश्न महिना-दीड महिन्यात मिटला. आमच्या मराठवाड्याला रझाकारांचं राज्य सोसून सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं.

त्याच १९४८ मध्ये दिल्लीत अणुऊर्जेचा पहिला कायदा झाला आणि मोनाझाइटसारखी खनिजं केंद्र सरकारच्या ताब्यात आली. ऊर्जेसाठी लागणारं खनिज कायद्याने राखून ठेवायचं ही गोष्ट आजची नाही, ती तेव्हाची आहे.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. १९५१ साली देशात धान्याची टंचाई होती. (माझा जन्म त्याच वर्षीचा.) आपण अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला. तिथल्या काँग्रेसमधल्या काही सभासदांचं म्हणणं पडलं की गहू द्या, पण बदल्यात मोनाझाइट घ्या. पंडित नेहरूंनी त्या सौद्याला नकार दिला. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी गहू १९ कोटी डॉलरच्या कर्जावर आला. पुढे २४ डिसेंबर १९५२ रोजी केरळात आलुवा इथे नेहरूंच्या हस्ते मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. तो फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने उभा राहिला होता. वाळू विकायची नाही, त्यातून माल आपण काढायचा, हा त्यामागचा विचार.

वर्गात हा प्रसंग मी बरीच वर्षं अभिमानाने सांगायचो. पोरंही टाळ्या वाजवायची. पण खरं सांगू का? १९७२ च्या दुष्काळात मी एकवीस वर्षांचा होतो. कॉलेजचं पुस्तक गुंडाळून ठेवून दुष्काळी कामावर खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं की गहू हवा की समुद्रकाठची वाळू राखायची, तर मी काय उत्तर दिलं असतं? पोटात भूक असताना स्वाभिमान कुणाच्या भरवशावर असतो, हे भुकेलाच ठाऊक. म्हणून असं वाटतं की ज्यांनी उपाशी राहून ती वाळू राखली, त्यांचं पुढच्यांवर ऋण होतं. राखलेल्या वस्तूचं पुढे काही करून दाखवायला हवं होतं.

ते पुरेसं झालं नाही. १९६२ मध्ये अणुऊर्जेचा नवा, आणखी कडक कायदा आला. कुलूप मजबूत झालं. थोरियम पुढच्या काळासाठी आहे म्हणून जपून ठेवलं, आणि त्याच वाळूत असलेल्या दुर्मिळ मृदाही त्याच्याबरोबर कुलपात राहिल्या. आलुव्याचा कारखाना चालला, नाही असं नाही. पण तिथून पुढची पायरी, म्हणजे धातू, मिश्रधातू आणि निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक, ही आपण मोठ्या प्रमाणावर चढलोच नाही. चीन चढला. १९८० नंतर त्याने खाण, प्रक्रिया, चुंबक अशी सगळी साखळी उभी केली. त्यांचा माल इतका स्वस्त की बाकीच्यांचे कारखाने मंदावले. सप्टेंबर २०१० मध्ये जपानशी तंटा झाल्यावर चीनने जपानला जाणारा हा माल अडवला. सगळ्या जगाला ती सूचना होती. आपल्यालाही होती.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले. त्याचा फटका पार पुण्याला बसला. बजाज ऑटोला चेतक या विजेच्या स्कूटरचं उत्पादन काही काळ कमी करावं लागलं. जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आपल्याकडे आहे, सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे १.३ कोटी टन मोनाझाइट. आणि तळहातावर मावेल एवढ्या चुंबकासाठी स्कूटर अडली.

आता पुतण्याच्या मुलाने वाचलेला कायदा. जून २०२३ मध्ये केंद्राने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. ऑगस्टमध्ये १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम अशी सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढून खाजगी कंपन्यांना मोकळी केली आणि २४ खनिजांचे लिलाव करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. मोनाझाइट मात्र थोरियममुळे अजून कुलपातच आहे. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं. नोव्हेंबरमध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनावेत म्हणून ७,२८० कोटींची योजना आली. डिसेंबरमध्ये संसदेने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या जागी नवा कायदाही मंजूर केला.

हे चांगलं आहे, उशिरा का होईना. मला त्यातली चुंबकाची योजना सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात वाळूपुढची पायरी आहे. विशाखापट्टणमला सरकारी कंपनीचा चुंबकाचा कारखाना २०२३ मध्ये देशाला अर्पण झाला, त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. तीन हजार किलोवरून सहा हजार टनांवर जायचं आहे. कायद्याने खाण मिळते, पण हात तयार व्हायला एक पिढी लागते. हे मी मास्तर म्हणून सांगतो. शाळेची इमारत मंजूर झाली म्हणून पोरं शिकली असं होत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. कोल्लम जिल्ह्यात आलप्पाड नावाचं गाव आहे, समुद्र आणि खाडीच्या मधली जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथून ही वाळू काढली जाते. आपली जमीन समुद्रात जाते आहे म्हणून तिथल्या लोकांनी २०१८-१९ मध्ये मोठं आंदोलन केलं. कायद्यात 'पुरवठ्याची सुरक्षा' असा शब्द असतो, त्यात आलप्पाडच्या माणसाची सुरक्षा धरलेली असते का? आमच्या माळावरच्या पवनचक्क्यांचंही तेच. नव्या पद्धतीच्या काही चक्क्यांमध्ये हेच चुंबक लागतात. वीज दूर जाते. ज्याच्या रानातून रस्ता गेला आणि तारा गेल्या, त्याच्या विहिरीवरचा पंप मात्र लाइट कधी येते याची वाट बघत बसतो.

लहानपणच्या वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसं असायची. नवरदेवाच्या तोंडावर लख्ख उजेड पडायचा. बत्ती धरणाऱ्याच्या डोक्यावर चुंबळ, कानाशी ती फुरफुर, आणि स्वतःच्या पायाखाली बत्तीच्या टाकीची सावली. वरात संपली की तो घरी जायचा. त्याच्या घरी चिमणीच असायची.

सकाळी निघताना पोराला एवढंच म्हणालो, "आपल्या जिल्ह्यात खनिज नाही सापडणार. पण तू धातूशास्त्र शिकलास तर बरं होईल. आपल्याकडं वाळूची कमतरता कधीच नव्हती."

तो म्हणाला, "बघू, आबा. आधी सीईटी तर होऊ द्या."

बरोबर आहे त्याचं. असो.