संडासाच्या दाराजवळची खाट

फेब्रुवारी 1855. तुम्ही स्कुटारीत आहात, इस्तंबूलसमोर, बॉस्फरसच्या आशियाई काठावर. तुर्कांची ही अवाढव्य बराक इंग्रजांनी क्रिमियाच्या लढाईसाठी रुग्णालय म्हणून घेतली आहे. तुम्ही इथले वॉर्डबॉय. एक गेला की दुसऱ्यासाठी जागा तयार करायची, हे तुमचं काम.

तयार म्हणजे काय? धक्क्याला क्रिमियातल्या बालाक्लावाहून जहाज लागलंय, माणसं वर आणली जाताहेत. तुम्ही पेंढ्याची गादी उलटता, हाताने चोपता, झालं. चादर घालावी, तर ती किंतानासारखी खरखरीत. जखमी गडी विनवतात, आमच्या घोंगडीतच राहू द्या. त्या घोंगडीत उवा वळवळताहेत. फरशीच्या फटींत जुलाबाचं पाणी मुरलंय, ते पुसायला तुमच्याजवळ धड फडकंही नाही.

काही खाटांबद्दल परिचारिका हलक्या आवाजात बोलतात. तिथं ठेवलेला माणूस उठत नाही. तुम्ही नीट बघता. त्या सगळ्या संडासाच्या दाराजवळच्या. इमारतीखाली मैल्याच्या मोऱ्या तुंबल्यात आणि वारा सुटला की घाण हवा नळांतून वॉर्डात चढते. तरीही तुम्ही पुढच्याला तिथंच निजवता, कारण रिकामी खाट तेवढी एकच. या महिन्यात उपचार घेणाऱ्या शंभरांतले बेचाळीसहून अधिक दगावताहेत. बहुतेक गोळीने नव्हे, हगवण आणि तापाने.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबरमध्येच 38 परिचारिका घेऊन आल्या. त्यांनी घासायचे ब्रश मागवले, भट्ट्या लावून धोबीखाना चालू केला, सैनिकांच्या बायकांना कपडे धुवायला लावलं. मला हे काम कुठल्याही औषधाइतकंच मोलाचं वाटतं. पण ब्रश मोरीपर्यंत पोचत नाही.

मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग येतो. डॉक्टर जॉन सदरलँड, इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन. कागद रंगवण्याआधी ते खणायला लावतात. मोऱ्या धुऊन मोकळ्या होतात. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा कुजत पडलेला सापडतो. भिंतीलगतचे लाकडी ओटे, उंदरांची वस्तीच ती, उखडले जातात. भिंतींना चुना लागतो. जंतूंची कल्पना यांच्यापैकी कुणालाच नाही. दुर्गंधीनेच रोग होतो, असं सगळे मानतात. तुम्ही आजच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे, आधीच्या रुग्णाचा आजार भांड्यांवर, कापडावर, तुमच्या हातांवर मागे राहतो. त्यांना सांगत बसू नका. चुन्याची बादली घ्या.

जूनमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा 2.2 वर येतं. उन्हाळा लागला, गर्दी ओसरली, हेही त्याचं कारण आहेच. पण संडासाच्या दाराजवळच्या त्या खाटेवरून आता माणसं उठून चालत जाताहेत, हे तुम्ही स्वतः पाहताय.

हा बघा, आणखी एक रुग्ण वर येतोय. पेंढा बदला, खाट घासा. भिंत ओली आहे, त्याला जरा थांबवा.