मधुमेही मुलांची रात्र : देवपूरच्या निमित्ताने एक इतिहास

मधुमेहाच्या इतिहासात साखरेचा जितका विचार झाला तितका रोग्याच्या झोपेचा झाला नाही, आणि रोगी लहान मूल असले तर त्याची रात्र सर्वस्वी घरच्यांवर सोपवली गेली. प्राचीन वैद्यकाची नजर मात्र रोग्याच्या हालचालीवर आणि निद्रेवरही होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बीजदोषातून येणारा सहज, म्हणजे जन्मजात, प्रमेह (मधुमेह ज्यात मोडतो तो मूत्रविकार) आणि अपथ्यातून उद्भवणारा प्रमेह असे दोन प्रकार सांगितले असून, पहिल्याचा रोगी कृश, तृषार्त व सतत हिंडता, तर दुसऱ्याचा स्थूल व निद्राप्रिय मानला आहे. चरकाने रोगाच्या पूर्वखुणांत हातापायांची बधिरता व दाहही नोंदवला आहे.

युरोपात थॉमस विलिस या एकाच वैद्याने १६७२ मध्ये झोपू न देणाऱ्या पायांच्या अस्वस्थतेचे आणि १६७४ मध्ये मधुमेहींच्या मूत्रातील गोडीचे वर्णन केले, तरीही पुढे अडीच शतकांहून अधिक काळ हे दोन विषय वेगवेगळ्या वाटांनी गेले. कार्ल एकबोम या स्वीडिश मज्जारोगतज्ज्ञाने १९४५ मध्ये पायांच्या या विकाराचा सविस्तर अभ्यास मांडला. संध्याकाळी किंवा पडून राहिल्यावर पायांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्यावाचून राहवत नाही आणि हलवल्यावर तात्पुरता आराम पडतो, ही त्याची लक्षणे होत.

दरम्यान ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि ज्या मुलांना उपासमारीच्या आहारावर काही काळ जगवले जाई त्यांना आयुष्य मिळाले. त्याबरोबर रात्रीची नवी धास्तीही आली, कारण संध्याकाळी दिलेल्या मध्यम मुदतीच्या इन्सुलिनचा जोर मध्यरात्रीनंतर वाढून साखर धोकादायक उतरू शकते, आणि बेनेडिक्टच्या द्रावणात लघवी उकळून होणारी जुनी तपासणी वाढलेली साखर दाखवी, उतरलेली नव्हे. घरी वापरण्याजोगे ग्लुकोमीटर येईपर्यंत मुलाच्या कपाळावरचा घाम चाचपणे हीच पुष्कळ ठिकाणी आईची तपासणी होती.

साखरेची रात्र अशी निभावली जात असताना पायांच्या तक्रारीचे घरात काय होते, तेही पाहायला हवे. पांझरा नदीच्या उत्तर तीरावरचे देवपूर आज धुळे शहराचाच भाग आहे. अशा खानदेशी वस्तीत मुलाच्या पोटऱ्या रात्री ठणकू लागल्या की तेल चोळणे, पाय चेपणे किंवा फडके घट्ट बांधणे हे उपाय घरोघरी ठाऊक असतात, आणि दुखण्याला वाढत्या वयाच्या कळा म्हटले जाते. या उपायांना अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण स्पर्श व हालचाल यांनी खरोखरच क्षणिक आराम मिळतो. अडचण एवढीच की त्यामुळे तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

ती पोहोचणे अगत्याचे आहे, कारण ती एकबोमने वर्णिलेल्या पायांच्या विकाराची असू शकते, आणि त्या विकाराचा लोहाशी निकट संबंध आहे : मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक द्रव्य तयार होण्यास लोह लागते, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. टाइप १ मधुमेहात गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा सीलिअॅक विकारही अधिक आढळतो, आणि तो आतड्यातून लोह शोषू देत नाही. म्हणून पाय वळवळणाऱ्या मधुमेही मुलाच्या बाबतीत लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची चाचणी करावी लागते, पण त्याच वेळी रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर मोजणेही चुकवता येत नाही, कारण उतरलेली साखर आणि साखर चढल्याने वारंवार लागणारी लघवी, दोन्ही त्याच मुलाची तीच झोप मोडत असतात.