पुन्हा एकदा इर्जिक

आमच्या नायगावच्या काळ्या रानात पूर्वी इर्जिक घालीत. ज्याची नांगरट अडली असेल त्याच्या शेतात शेजारीपाजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन उतरत. मोबदला म्हणाल तर पोटभर जेवण! बैलांबरोबर ही रीतही गेली, असे मी धरून चाललो होतो.

पण तीच रीत मला संगणकाच्या जगात भेटली. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’चा संकल्प सोडला: आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची वार्ता देऊन लोकांच्या सूचना मागविल्या. पुढच्याच वर्षी लिनक्सही ग्नूच्या परवान्याखाली आले.

मराठीला याचे काय? मी नायगावाहून धाडलेल्या एका लेखाची दुसऱ्या संगणकावर निव्वळ चिन्हांची खिचडी झाली होती. प्रत्येक टंकाचा संकेतच निराळा! पुढे युनिकोडचा समान संकेत रुळला आणि ‘लोहित’, ‘मुक्ता’ यांसारखे खुले टंक सर्वांच्या हाती आले.

मात्र अशा कामाला माणसे लागतात. ती सारी संगणकतज्ज्ञच हवीत असे नाही. सोपा मराठी शब्द सुचविणारे गुरुजी, चुकलेले जोडाक्षर दाखविणारी विद्यार्थिनी, यांचाही हातभार मोलाचा. नवशिक्या पोराचे तास वाकडे गेले, तर आमच्याकडे कोणी हसत नसे. जाणता शेजारी पुढच्या तासाला त्याच्याबरोबर चाले. येथेही तेच हवे. हसे झालेला नवखा पुन्हा फिरकत नाही.

वाचकहो, या दिवाळीत घरातल्या मुलांना एवढेच विचारा: तुमची जोडी कधी जुंपता?