वाऱ्याचा जमाखर्च

वाऱ्यापासून वीज उत्पन्न करणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच साध्य झाले होते. परंतु वारा पडला असता दिवे कशावर लावावेत आणि तो उधळला असता शिलकी विजेची विल्हेवाट कशी लावावी, ह्या जमाखर्चाचा मेळ बसविण्यात डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली, आणि पवनविद्युतीचा इतिहास ह्या खटपटीतच शोधला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जटलंडमधील आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात, जेथे प्रामुख्याने शेतकऱ्यांची तरुण मुले शिकावयास येत, पोल ला कूर नावाचे एक अध्यापक होते. पूर्वी हवामानखात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या ह्या गृहस्थांनी १८९१ साली सरकारी अनुदान मिळवून तेथे प्रायोगिक पवनचक्की उभारली. झुळकेगणिक पालटणारी तिची गती समतोल राहावी म्हणून त्यांनी एक नियामक रचला. आणि चक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करून निघालेले हायड्रोजन व ऑक्सिजन टाक्यांत भरून ठेवावेत व त्यांवर विद्यालयातील दिवे जाळावेत, अशी तजवीज केली. योजना वर्षानुवर्षे चालली खरी, परंतु हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचा अंश शिरला की स्फोट होई आणि खिडक्यांची तावदाने नव्याने बसवावी लागत; तरीही चालकांनी त्यांस निरोप दिला नाही, हे त्या संस्थेच्या सहिष्णुतेचे लक्षणच म्हटले पाहिजे. खेड्यापाड्यांतील वीजकेंद्रांसाठी मात्र त्यांनी शिशाच्या बॅटऱ्यांचाच आश्रय केला. ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग त्यांनी चालविले, आणि १९०८ साली ते निवर्तले.

ह्या वर्गांतून १९०४ साली बाहेर पडलेल्या योहानेस यूल ह्यांनी उतारवयात गुरूच्या प्रश्नाला निराळेच उत्तर दिले. १९५७ साली गेडसर येथे त्यांनी उभारलेली २०० किलोवॉटची तीन पात्यांची चक्की प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह थेट सार्वजनिक वीजजाळ्यात सोडी. साठवणुकीचा विचारच त्यांनी सोडून दिला होता. वारा वाहील तेवढी वीज जमेस धरावी, आणि तूट औष्णिक केंद्रांनी भरून काढावी. एका चक्कीपुरता हा हिशेब निर्वेध होता. कोळसा आणि तेल स्वस्त असल्यामुळे १९६७ साली ती बंद ठेवण्यात आली, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर तिची आठवण झाली.

मात्र चक्क्या हजारोंनी उभ्या राहिल्यावर ती तूट आणि ती शिल्लक, दोन्ही, देशातील औष्णिक केंद्रांस झेपेनाशी झाली. येथे दैवयोगाने एक जुनी सोय कामी आली. १९७६-७७ साली स्कागेराक सामुद्रधुनीखालून नॉर्वेपर्यंत टाकलेल्या केबल वाऱ्यासाठी नव्हत्याच; डेन्मार्कची कोळशाची वीज आणि नॉर्वेची जलविद्युत ह्यांची देवघेव व्हावी, पाऊस कमी पडलेल्या वर्षी शेजाऱ्याला हात द्यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांच्यावरूनच पुढे जोराच्या वाऱ्याची वीज उत्तरेकडे जाऊ लागली, नॉर्वेची जलविद्युत केंद्रे तितक्या वेळापुरती मंदावली, आणि न वापरलेले पाणी जलाशयांत शिल्लक राहू लागले. वारा पडताच तेच पाणी टर्बाइनांवर सोडून परतफेड करण्यात येई. ला कूर ह्यांची टाकी आता परराष्ट्राच्या डोंगरांत होती, आणि तिच्या स्फोटाचे भय नव्हते. तिचे भाडे मात्र बाजारभावाने चुकवावे लागे: वाऱ्याच्या रात्री वीज स्वस्तात द्यावयाची आणि निवांत दिवशी महाग घ्यावयाची. ८ जानेवारी २००५ च्या वादळात वेगाची मर्यादा ओलांडल्यामुळे पश्चिम डेन्मार्कातील बहुतेक चक्क्या काही तासांत आपोआप थांबल्या, तेव्हा ह्या शेजाराची किंमत कळून आली. गंमत अशी की परदेशाशी जोडलेल्या ह्या देशाचे स्वतःचे पूर्व आणि पश्चिम हे दोन भाग २०१० पर्यंत एकमेकांस तारेने जोडलेलेच नव्हते.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या माथ्यावरच उभ्या आहेत, आणि वारा व पाणी इतकी शेजारी पाहून नॉर्वेचा कित्ता गिरविण्याचा मोह होतो. परंतु तेथील वारा जोर धरतो तो नेमका पावसाळ्यात, जेव्हा शेतीपंप बंद असतात आणि जलाशय भरत आलेला असतो. तो एकदा काठोकाठ भरला, की वाऱ्याच्या विजेमुळे राखलेले पाणी सांडव्यावरून निघून जाते.