महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू व्यावसायिक 'ड्राफ्ट'साठी सज्ज आहेत का? हावड्यातील वास्तव

अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, म्हणजेच एनबीए, दरवर्षी जूनच्या सुमारास नव्या खेळाडूंची निवड करते. 'ड्राफ्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निवडीपूर्वी तेथील विद्यापीठांतून एकच प्रश्न चर्चिला जातो: विद्यार्थी-खेळाडू व्यावसायिक खेळासाठी तयार झाला आहे का? हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा शहरात हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. येथे ड्राफ्ट नाही आणि आजवरच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये येथील संघही नव्हता. येथील विद्यार्थी-खेळाडूची खरी निवड होते ती रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीत.

हावडा हे पूर्व रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. पूर्व रेल्वेचे मुख्य कार्यालय पैलतीरावर कोलकात्याच्या फेअर्ली प्लेसमध्ये, तर दक्षिण पूर्व रेल्वेचे गार्डन रीच येथे आहे. १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून हुगळीकडे पहिली प्रवासी गाडी सुटली आणि तेव्हापासून या शहराचा रोजगार रेल्वेशी बांधला गेला. १९२८ मध्ये स्थापन झालेले रेल्वे क्रीडा प्रोत्साहन मंडळ हे देशातील खेळाडूंना नोकरी देणाऱ्या सर्वांत मोठ्या यंत्रणांपैकी एक आहे. राष्ट्रीय महिला बास्केटबॉल स्पर्धेत रेल्वेच्या संघाने दीर्घकाळ वर्चस्व राखले. भारतीय संघाचे नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये हीदेखील रेल्वेकडून खेळलेली खेळाडू आहे.

नोकरी आणि खेळ यांचा हा संबंध किती जुना आहे, हे पाहण्यासाठी फुटबॉलकडे वळावे लागते. प्रदीपकुमार अर्थात पी. के. बॅनर्जी १९५५ मध्ये पूर्व रेल्वेच्या संघात आले, तेव्हा त्यांनी वयाची विशीही गाठली नव्हती. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांसारखे लोकप्रिय क्लब शेजारी असताना ते खेळाडू म्हणून अखेरपर्यंत रेल्वेतच राहिले. १९५८ मध्ये त्यांच्या संघाने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिघांबाहेरच्या संघाला हे विजेतेपद पुन्हा मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. बॅनर्जी यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व केले आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल नोंदविला. रेल्वेची नोकरी म्हणजे खेळाशी तडजोड, असे सरसकट म्हणणाऱ्यांना हा इतिहास अडचणीचा ठरतो.

हावड्याच्या बांट्रा भागात जन्मलेले शैलेन मन्ना यांचे उदाहरण याच परंपरेतील आहे. हावडा युनियनकडून खेळून ते १९४२ मध्ये मोहन बागानमध्ये गेले. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरी केली. हावड्यातील महापालिकेच्या क्रीडांगणाला आज त्यांचे नाव आहे.

गुणांचे गणित

रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी वयोमर्यादा १८ ते २५ वर्षे असून तीत सवलत दिली जात नाही. निवड १०० गुणांवर होते. चाचणीतील खेळकौशल्य, शारीरिक क्षमता आणि प्रशिक्षकांचे निरीक्षण यांना मिळून ४० गुण, मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीला ५० गुण आणि शैक्षणिक पात्रतेला १० गुण असतात. चाचणीत ४० पैकी किमान २५ गुण मिळविणाऱ्यांचाच पुढे विचार होतो.

या विभागणीचा अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे. चाचणीच्या दिवशी मैदानावर दाखविलेल्या खेळापेक्षा आधीच्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांना अधिक वजन आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातील मोलाचे प्रमाणपत्र असते ते भारतीय विद्यापीठ संघाच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे. या स्पर्धेतील पहिल्या तीन क्रमांकांतील स्थान हा पात्रतेच्या निकषांपैकी एक आहे. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वी विभागीय फेरी पार करावी लागते. पूर्व विभागातील एखाद्या विद्यापीठाचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरला, तर त्या संघातील उत्तम खेळाडूचेही ते वर्ष तेथेच संपते. बास्केटबॉल हा पाच जणांचा खेळ आहे; प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाला स्वतःच्या नोकरीसाठी हवे असते. मुष्टियुद्ध किंवा धावण्याच्या शर्यतीतील खेळाडूला असे चार सहकाऱ्यांच्या नशिबावर अवलंबून राहावे लागत नाही.

सामन्यांची कमतरता ही याची दुसरी बाजू होय. अमेरिकेतील विद्यापीठांचे प्रमुख संघ एका हंगामात तीसहून अधिक सामने खेळतात. एनबीएच्या प्रत्येक संघाला नियमित हंगामात ८२ सामने खेळावे लागतात. आपल्याकडे लवकर बाद होणाऱ्या विद्यापीठ संघाच्या वाट्याला वर्षभरात अधिकृत सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत बास्केटबॉलचा समावेश झाल्याने एक दार वाढले. पण तेथेही निवडक संघांनाच प्रवेश असतो.

गंमत अशी, की नियमांपुरते पाहिल्यास भारतीय विद्यार्थी व्यावसायिक खेळाच्या अधिक जवळ आहे. अमेरिकेतील पुरुषांचे महाविद्यालयीन सामने २० मिनिटांच्या दोन सत्रांत होतात आणि चेंडू बास्केटकडे टाकण्यासाठी संघाला ३० सेकंद मिळतात. भारतात आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चार सत्रे आणि २४ सेकंदांची मर्यादा असते. एनबीएमध्येही चार सत्रे आणि २४ सेकंदच आहेत. उणीव आहे ती सामन्यांची, लाकडी मैदानांची आणि शरीर घडविण्याच्या सोयींची.

अमेरिकेतही 'तयार कोण' या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले. कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएमध्ये गेले. २००५ च्या करारानंतर ड्राफ्टसाठी त्या वर्षात वयाची १९ वर्षे पूर्ण होणे आणि अमेरिकन खेळाडूंच्या बाबतीत शाळा सोडून एक हंगाम उलटणे बंधनकारक झाले. जुलै २०२१ पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाच्या व छबीच्या व्यापारी वापरातून उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली आणि घाईने विद्यापीठ सोडण्याचे मोठे कारण दूर झाले. मुदतीपूर्वी ड्राफ्टसाठी नाव देणाऱ्या खेळाडूंची संख्या २०२१ मध्ये ३५३ होती. २०२५ मध्ये ती १०६ वर आली. पैसा मिळू लागताच अनेकांना आपण अजून तयार नसल्याचे उमगले, असे म्हणता येईल.

भारतीयांचा अनुभव

पंजाबमधील बल्लोके गावचा सतनामसिंग भामरा २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स संघाकडून ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. एनबीए ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. २०१० मध्ये तो शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील अकादमीत दाखल झाला होता. महाविद्यालयाकडून मात्र तो खेळला नव्हता. त्यानंतर तो मॅव्हरिक्सशी संलग्न असलेल्या टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधील संघाकडून खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात २०२० मध्ये त्याच्यावर दोन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. निवड होणे आणि टिकून राहणे यांतील अंतर या एका कारकिर्दीतून स्पष्ट होते.

पालप्रीतसिंग ब्रार २०१६ मध्ये आणि अमज्योतसिंग २०१७ मध्ये एनबीएच्या दुय्यम लीगच्या ड्राफ्टमधून निवडले गेले. ग्रेटर नोएडा येथील एनबीए अकादमीतून पुढे आलेला प्रिन्सपालसिंग २०२१ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या उन्हाळी लीगमधील संघात होता. त्याच अकादमीतील अमान संधू याने मॉनमथ विद्यापीठाचा मार्ग धरला. चौघेही पंजाबी खेळाडू आहेत, ही बाब नजरेत भरणारी आहे. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या पहिल्या सामन्यात खेळलेले डंकन पॅटन यांनी १८९० च्या दशकात हा खेळ भारतात आणला असे मानले जाते. वायएमसीएच्या मैदानांवरून तो रुजला आणि मुंबईच्या नागपाड्यासारख्या वस्तीने त्याला अब्बास मुंतसिर यांच्यासारखा राष्ट्रीय कर्णधार दिला. एवढी जुनी परंपरा असूनही पूर्व भारतातून असे नाव पुढे आलेले नाही.

देशांतर्गत लीगचा आधारही अस्थिर राहिला. २०१५ ते २०१७ या काळात चाललेल्या यूबीए लीगमध्ये मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज यांच्यासह आठ संघ होते. कोलकात्याचा संघ नव्हता. २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगच्या पहिल्या हंगामात मुंबई, दिल्ली, चंडीगड, चेन्नई, बंगळूर आणि कोची यांचा समावेश होता. पूर्वेकडील एकाही शहराचा नव्हता. २०२५ मध्ये याच उपक्रमातून पंचवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी स्वतंत्र व्यावसायिक स्पर्धा झाली. ही वयोमर्यादा रेल्वेच्या मर्यादेशी जुळणारी असल्याने तरुण खेळाडूला दोन्ही वाटांचा विचार एकाच वयात करावा लागतो. त्यांपैकी एका वाटेवर काही आठवड्यांचा करार असतो, दुसरीवर निवृत्तीपर्यंतचे वेतन.

लीग खेळूनही नोकरी सांभाळता येते, असा युक्तिवाद केला जातो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील अॅडलेड थर्टीसिक्सर्स संघाशी करार केलेला विशेष भृगुवंशी ओएनजीसीत नोकरीला होता, हे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. मात्र भृगुवंशी त्या वेळी भारतीय संघाचा प्रस्थापित खेळाडू होता. दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला अशी सवलत मागण्याइतके स्थान नसते.

शिबपूर येथील भारतीय अभियांत्रिकी विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यापुढे हा पेच तितका तीव्र नाही. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची पदवी त्याच्या हाती असते आणि खेळ हा त्याच्यासाठी छंद राहू शकतो. कला वा वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या, घरच्या उत्पन्नाला हातभार लावण्याची जबाबदारी असलेल्या खेळाडूला मात्र शिक्षणाच्या तीन-चार वर्षांतच आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. जाहिरातीत नमूद केलेल्या कालावधीतील कामगिरीच भरतीत ग्राह्य धरली जाते. त्यामुळे पहिल्या वर्षी मिळविलेले पदक पदवी हाती येईपर्यंत मोजणीबाहेर गेलेले असू शकते आणि तेच गुण मिळविण्यासाठी त्याला पुन्हा विभागीय फेरीपासून सुरुवात करावी लागते.